कराची आणि डाक्का यांच्या मधली रेघ

जगातल्या चोवीस ठिकाणांची वेळ एकाच तबकडीवर वाचता येईल अशी जुनी मनगटी घड्याळे मी गेली अठरा वर्षे जमवत आलो आहे. संख्येने ती फार नाहीत. फोंड्याच्या घरातल्या कपाटाचा एक खण त्यांना पुरतो आणि त्यांपैकी दोन तर दुरुस्तीवाचून बंदच आहेत. शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवताना फळ्यावर रेखावृत्ते काढून, पृथ्वी एका तासात पंधरा अंश फिरते आणि एका अंशाला चार मिनिटे लागतात, हे मी दर वर्षी नव्या मुलांना सांगत असे. पुढे एकदा असे घड्याळ हातात आले आणि फळ्यावरचे ते गणित कुणीतरी आधीच पितळ आणि पोलादात उतरवून ठेवले आहे हे पाहून मी अक्षरशः थक्क झालो. तेव्हापासूनची ही ओढ आहे.

या घड्याळांची रचना आधी सांगतो, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. नेहमीचे तास आणि मिनिटांचे काटे मधोमध असतात. त्यांच्या बाहेर एक ते चोवीस आकडे लिहिलेले कडे असते, ते काट्यांच्याच चक्रांना जोडलेले असून काट्यांच्या उलट दिशेने चोवीस तासांत एक फेरी पूर्ण करते, म्हणजे तासाला बरोबर पंधरा अंश सरकते. त्याही बाहेर शहरांच्या नावांचे दुसरे कडे असते. आपण ज्या शहरात आहोत त्याचे नाव बाराच्या जागी आणायचे, काटे तिथल्या वेळेला लावायचे आणि चोवीस तासांचे कडे त्या नावाशी जुळवून घ्यायचे. एवढे केले की प्रत्येक शहराच्या नावासमोर तिथला तास आपोआप येऊन उभा राहतो. बहुतेक घड्याळांत या कड्याचा अर्धा भाग उजळ आणि अर्धा गडद असतो, त्यामुळे कुठे दिवस आहे आणि कुठे रात्र हेही नजरेला कळते. मिनिटे मात्र सर्वांची एकच. मिनिटकाटा एकच आहे आणि तो चोवीसही शहरांसाठी सामाईक आहे, ही गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्यासाठी सगळी अडचण तिथेच आहे.

ही रचना ज्याने आजच्या रूपाला आणली तो कारागीर म्हणजे लुई कोतिए. त्याचा जन्म १८९४ सालचा, जिनिव्हाला लागून असलेल्या कारूज गावचा. त्याचे वडीलही घड्याळजी होते आणि जगाची वेळ दाखवणाऱ्या यंत्रावर त्यांनीही काम केले होते. वॉशिंग्टन येथील १८८४ च्या परिषदेत ग्रीनिचचे रेखावृत्त शून्य मानले गेले आणि हळूहळू एकेक देश तासातासाच्या पट्ट्यांत आपले घड्याळ बसवू लागला, पण ती व्यवस्था मनगटावर मावेल एवढ्या जागेत कशी दाखवायची हा प्रश्न पुढची जवळपास पन्नास वर्षे नीट सुटला नव्हता. कोतिएने १९३१ मध्ये आपली रचना प्रथम खिशातल्या घड्याळात बसवली. पुढे व्हॅशरॉन कॉन्स्टंटिन आणि पाटेक फिलिप यांसारख्या स्विस घड्याळ कंपन्यांसाठी तो आपल्या कार्यशाळेत हे काम करीत राहिला आणि १९६६ मध्ये मरण येईपर्यंत त्याने ते सोडले नाही. पाटेकच्या १९३९ च्या १४१५ क्रमांकाच्या घड्याळात शहरांची नावे बाहेरच्या कड्यावर कोरलेली असून ते कडे बोटाने फिरवावे लागते. १९५३ च्या २५२३ क्रमांकात नावांचे कडे काचेखाली गेले आणि ते फिरवण्यासाठी नऊच्या बाजूला दुसरी चावी आली. या दोन्हींच्या किमती माझ्यासारख्याने नुसत्या वाचायच्या: प्लॅटिनमचे एक १४१५ जिनिव्हाच्या लिलावात २००२ मध्ये ६६ लाख स्विस फ्रँकला गेले आणि निळ्या मिन्याच्या तबकडीचे एक २५२३ हाँगकाँगला २०१९ मध्ये ७ कोटी हाँगकाँग डॉलरच्या वर गेले.

सुदैवाने हीच कल्पना स्वस्त घड्याळांतही उतरली. टिसॉने १९५३ मध्ये नॅव्हिगेटर काढले, तर सेकोने टोकियो ऑलिंपिकच्या निमित्ताने १९६४ मध्ये जपानचे पहिले जागतिक वेळेचे घड्याळ बाजारात आणले. सत्तरच्या दशकात तर कितीतरी लहान स्विस कंपन्यांनी अशी घड्याळे केली, त्यांतल्या अनेकांची नावे आज कुणाच्या स्मरणातही नाहीत. वैमानिकांसाठी निघालेली रोलेक्स जीएमटी मास्टर किंवा ग्लायसीन एअरमन ही घड्याळे मी या जातीत धरत नाही. ती उत्तम आहेत, परंतु ती दोन किंवा तीन ठिकाणांची वेळ सांगतात आणि शहरांची नावे घालणाऱ्याच्या डोक्यात असावी लागतात. मला नावे लिहिलेली हवी असतात.

कारण ती नावे म्हणजे कोरून ठेवलेला इतिहास आहे. लंडन आणि पॅरिस एकाच तासाला दाखवलेले दिसले, तर ती मांडणी मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची समजावी, कारण फ्रान्स १९४० पर्यंत ग्रीनिचच्याच वेळेवर होता. जर्मन ताब्यात गेल्यावर तिथली घड्याळे पुढे सरकली आणि नंतर पुढेच राहिली. सिंगापूर १९८२ च्या आरंभी हाँगकाँगच्या तासावर आले, त्यामुळे जुन्या घड्याळांत ते तिथे सापडत नाही. सायगाव (आजचे हो ची मिन्ह सिटी) लिहिले असेल, ढाका हे डाक्का अशा जुन्या स्पेलिंगने असेल, तर काळाचा अंदाज बांधायला तेवढे पुरते. अर्थात कंपन्या जुनी कडी वर्षानुवर्षे वापरीत असत, तेव्हा एकट्या नावावरून साल ठरवणे धोक्याचे आहे. नाव फक्त सांगते की घड्याळ याच्या आधी घडलेले नाही किंवा मांडणी याच्या नंतरची नाही. अनेक कड्यांवर ग्रीनिचच्या एक तास मागे अझोरेस हे नाव असते. अटलांटिकमधली ही पोर्तुगीज बेटे. माझ्या वडिलांच्या पिढीने शाळेत पोर्तुगीज भूगोल पाठ केला होता, त्यामुळे ते नाव वाचले की मला त्यांचा आवाज ऐकू येतो.

आता आपल्या अर्ध्या तासाविषयी. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे आणि ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्तावर ठरवली आहे, जे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळून जाते. मुंबईने ही वेळ सहजासहजी मानली नाही. चार तास एक्कावन्न मिनिटांचा ‘मुंबई टाइम’ तिथे १९५५ पर्यंत कुठे ना कुठे चालूच होता. महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५, सगळ्या देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे होती. फाळणीनंतर काही वर्षे कराचीही साडेपाचवरच होती. परंतु १९५१ मध्ये पाकिस्तानने पश्चिमेकडे पाच आणि पूर्वेकडे सहा तास अशी पूर्ण तासांची वेळ घेतली. घड्याळवाल्यांना चोवीस समान खण भरायचे होते, आणि आमच्या दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांना त्यात आयती जागा मिळाली. म्हणून साठ-सत्तरच्या दशकांतल्या कितीतरी कड्यांवर कराचीनंतर थेट डाक्का येते. मध्ये मुंबई नाही, दिल्ली नाही, कलकत्ता नाही. काही कंपन्यांनी मुंबईला पाचवर किंवा कलकत्त्याला सहावर बसवून वेळ मारून नेली, पण ती वेळ चुकीचीच.

याचा व्यवहारातला परिणाम असा की गोव्यात बसून असे घड्याळ वापरणाऱ्याला एक निवड करावी लागते. मिनिटकाटा भारतीय वेळेला लावला, तर बाकीचे सारे जग अर्धा तास चुकते. तो ग्रीनिचला लावला, तर जग बरोबर दिसते आणि आपले घर चुकते. दोन्ही एकदम साधत नाही. सदतीस वेळा दाखवणारे, म्हणजे अर्ध्या आणि पाऊण तासांच्या देशांनाही जागा देणारे घड्याळ व्हॅशरॉन कॉन्स्टंटिनने २०११ मध्ये काढले. कोतिएच्या पहिल्या घड्याळानंतर तब्बल ऐंशी वर्षांनी.

यातली एक गंमत भूगोलाच्या शिक्षकाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. पणजीचे रेखावृत्त सुमारे पावणेचौऱ्याहत्तर अंश पूर्व आहे. प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून ते सुमारे पावणेनऊ अंश पश्चिमेला पडते, आणि अंशाला चार मिनिटे या हिशेबाने इथला सूर्य सरासरीने बारा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो. म्हणजे गोव्याची खरी सूर्यवेळ ग्रीनिचच्या चार तास पंचावन्न मिनिटे पुढे आहे. कड्यावरच्या कराचीची वेळ पाच तास पुढे. फरक पाच मिनिटांचा! ज्या नावाला आपण परके समजून बाजूला सारतो, त्याच नावासमोरचा तास मांडवीवरच्या सूर्याच्या सर्वांत जवळचा आहे. हे मी प्रथम वहीत मांडून पाहिले तेव्हा पुन्हा पुन्हा ताळा केला.

गोव्यात ही घड्याळे मुख्यतः तारवटींनी, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या गोंयकारांनी आणली. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या बोटींवर स्टुअर्ड आणि स्वयंपाकी म्हणून गोंयकारांच्या पिढ्याच्या पिढ्या गेल्या. मुंबईत धोबी तलावाजवळच्या आपापल्या गावच्या कुडीत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडात, ते बोटीची वाट पाहत राहायचे आणि परत येताना एडन, सिंगापूर, हाँगकाँग अशा बंदरांतून काहीतरी घेऊन यायचे. बोट पश्चिमेला निघाली की तिच्यावरचे घड्याळ दर काही दिवसांनी मागे घ्यायचे, पूर्वेला निघाली की पुढे. अशा माणसाला घरी आता किती वाजले असतील हे कळणे ही चैनीची बाब नव्हती. म्हणूनच लिलावातल्या सोन्याच्या घड्याळांपेक्षा या पोलादी घड्याळांविषयी मला अधिक आदर वाटतो, आणि त्यांचा अभ्यास आपल्याकडे कुणी केला नाही याची खंतही वाटते.

एका खरेदीत मी फसलो तेही सांगितले पाहिजे, कारण नव्याने या वाटेला लागणाऱ्याला त्याचा उपयोग होईल. दुसऱ्या शहरातल्या एका विक्रेत्याकडून मी छायाचित्रांवर भरवसा ठेवून एक घड्याळ मागवले. तबकडी लखलखीत होती, आणि पन्नास वर्षांची तबकडी लखलखीत कशी, हा प्रश्न मला पडायला हवा होता. घरी आल्यावर वेळ लावली तेव्हा लंडन आणि टोकियो यांच्यात नऊऐवजी दहा तासांचे अंतर येऊ लागले. आयग्लास, म्हणजे घड्याळजीचे भिंग, डोळ्याला लावून पाहिले तर शहरांची अक्षरे जाड आणि कडांना पसरलेली, आणि हाँगकाँग व टोकियो यांच्यामध्ये एक खण रिकामा. तबकडी खरवडून नव्याने रंगवणाऱ्या माणसाने नावे आकाराच्या सोयीने मांडली होती. ती नावे म्हणजे एक हिशेब आहे हे त्याच्या गावीही नव्हते. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून असे कुठलेही घड्याळ घेण्यापूर्वी मी लंडनपासून एकेक नाव बोटाने मोजतो, आणि डागाळलेली पण मूळची तबकडी दिसली तर तीच पसंत करतो.

आपल्या हवेचाही विचार करावा लागतो. जून ते सप्टेंबर या दिवसांत गोव्यात बंद पेटीतल्या कागदालाही ओल सुटते, मग जुन्या, कडक झालेल्या रबरी पट्टीच्या भरवशावर असलेल्या घड्याळाची काय कथा. मी ती हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो आणि पुड्या दर पंधरवड्याला तापवून घेतो. अंधारात चमकणारे काटे असतील तर अधिक सावधपणा हवा. साठच्या दशकापर्यंत त्यात रेडियम वापरीत. त्याचे अर्धे आयुष्यच सोळाशे वर्षांचे, म्हणजे ते निम्मे व्हायलाच एवढी वर्षे लागतात, तेव्हा चमक गेली तरी रेडियम जागेवरच असते. असे घड्याळ घरी उघडू नये आणि ती भुकटी तर कधीच खरवडू नये. तबकडीच्या तळाशी स्विस शब्दाच्या दोन्ही बाजूंना टी हे अक्षर असेल तर ते ट्रिटियम, आणि त्याचे अर्धे आयुष्य बारा वर्षांच्या आसपासचे.

आता ज्या घड्याळामुळे हे सगळे लिहायला बसलो त्याच्याकडे येतो. माझा एक जुना विद्यार्थी बोटीवर नोकरीला आहे, त्याचे वडीलही बोटीवरच होते. ते गेल्यानंतर वास्कोच्या घरातली आवराआवर करताना त्याला एक बंद घड्याळ सापडले, आणि पुन्हा बोटीवर जाण्यापूर्वी ते तो माझ्याकडे ठेवून गेला. “सर, चालू होत असेल तर करून ठेवा. नाही झाले तरी तुमच्याकडेच असू द्या, मी आलो की नेईन,” असे म्हणाला. सत्तरच्या दशकातले पोलादी स्विस घड्याळ, शहरांची नावे बाहेरच्या फिरत्या कड्यावर कोरलेली. पण त्या कड्यात घाम आणि खारी हवा यांचा हिरवट मळ इतका घट्ट बसला होता की निम्मी नावे वाचताच येत नव्हती.

म्हापशात एक वयस्कर घड्याळजी आहेत, जे अजूनही चावीची घड्याळे मनापासून दुरुस्त करतात. त्यांनी घड्याळ उघडले, यंत्र पाहिले आणि स्प्रिंग बदलून साफसफाई केली की चालेल असे सांगितले. मग सुरीने कडे अलगद उचलून ते पेट्रोलमध्ये बुडवले आणि लाकडी काडीने एकेक अक्षर मोकळे करू लागले. मी समोरच्या स्टुलावर बसून होतो. कैरो निघाले, कराची निघाली. मग ते थांबले.

“मास्तर, इथे चरा पडलाय. बफवर धरतो, जाईल.”

“आधी बघू द्या.”

त्यांनी आयग्लास माझ्या हातात दिला. कराची आणि डाक्का यांच्या बरोबर मधोमध एक बारीक, सरळ रेघ होती. घासून किंवा आपटून पडलेला चरा असा नसतो. तो वाकडा जातो, एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला उथळ असतो. ही रेघ सुईने किंवा तशाच टोकदार वस्तूने दोन-तीनदा गिरवून पाडली होती, आणि तिच्या तळाशी लाल रंगाचा एक कण अजून चिकटून होता. कुणीतरी रेघ ओढून तिच्यात रंगही भरला होता.

मला ते समजायला क्षणभर लागला. चोवीस तासांचे कडे टप्प्याटप्प्याने उडी मारीत नाही, ते काट्याबरोबर सतत सरकत असते. त्यामुळे दोन शहरांच्या नेमक्या मध्ये खूण केली, तर त्या खुणेसमोर साडेपाच तासांची वेळ आपोआप येते. मिनिटे अचूक कळत नाहीत, पण आठ वाजून गेले की नऊ व्हायला आले, एवढे नक्की कळते. मोजायला गेलो तर ती रेघ कराचीच्या खुणेपासून साडेसात अंशांवर भरली पाहिजे, आणि घरी आणून कोनमापकावर धरल्यावर ती जवळजवळ तशीच भरली. एका स्टुअर्डने, कुठल्यातरी समुद्रात, जिनिव्हावाल्यांनी सोडून दिलेले काम सुईने पूर्ण केले होते.

“बफ नको,” मी म्हणालो.

“किंमत कमी येईल हो.”

“ते विकायचे नाही. आणि बफ लावला तर अक्षरांच्या कडाही जातील.”

ते त्यांना पटले. त्यांनी कडे पुन्हा डोळ्याजवळ धरले, लाल कण काडीने उडणार नाही याची काळजी घेत बाकीचा मळ काढला आणि रेघेच्या आसपास पेट्रोल न लावता कोरडा ब्रश फिरवला. दहा दिवसांनी घड्याळ चालू होऊन मिळाले. दिवसाला ते पाऊण मिनिट पुढे जाते, इतक्या वर्षांनी तेवढे चालायचेच.

मी मिनिटकाटा ग्रीनिचला लावून ठेवला आहे, त्या विद्यार्थ्याचे वडील लावत असतील तसा. परवा रात्री त्याचा बोटीवरून फोन आला. घड्याळ चालू झाल्याचे मी त्याला सांगितले, पण रेघेविषयी काही बोललो नाही, ती त्याने स्वतःच पाहावी असे वाटले. त्याने विचारले, “आता काय दाखवते सर?”

“कराचीसमोर वीसचा आकडा आहे आणि मिनिटकाटा दोनवर.”

“म्हणजे घरी आठ चाळीस,” तो जराही न थांबता म्हणाला. “पप्पा असेच सांगायचे. जेवण व्हायचे असेल ना तुमचे? जेवून घ्या, मी नंतर करतो.”